मऊ कडांचा उन्हाळा

होळी झाली की आठ-पंधरा दिवसांत आमच्या दाराच्या कडीत पहिली लग्नपत्रिका येऊन अडकते. आता बहुतेक आमंत्रणं मोबाईलवरच येतात, तीही गाणी वाजवत. पण फुलंब्रीकडची, सिल्लोडकडची माणसं अजून कागदाची पत्रिका छापतात आणि उन्हातान्हात हातानं आणून देतात. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं असतात, ताज्या शाईचा वास असतो. ती पत्रिका मी सरळ वाचत नाही. आधी आतल्या फोटोंच्या कडा बघते. लग्न कोणाचं, कधी, जेवण कुठं, हे सगळं नंतर. नवरा म्हणतो, "तुला आमंत्रण करतात की तपासणीला बोलावतात?" पत्रिकेतली जिवंत माणसं जिवंत आहेत ना, एवढीच खात्री मी करून घेत असते. कारण एका उन्हाळ्यात माझ्या हातून एक धडधाकट म्हातारा मेला होता.

घाबरू नका. त्यानं नंतर माझ्यासमोर बसून दोन कप चहा घेतला.

तो उन्हाळा दुष्काळाचा होता. ओळीनं दुसरा की तिसरा, ते आता आठवत नाही, आणि तेव्हाही मोजायचा कंटाळा आला होता. शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं, त्यामुळे पाणी आल्याची बातमी लागली की कचेऱ्या, शिकवण्या, भांडणं, सगळं अर्ध्यावर टाकून माणसं घराकडं पळायची. आमच्या आईनं पातेली, कळश्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, माझी शाळेतली बाटली, जे मिळेल ते भरून ठेवलेलं असायचं. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची आणि तरी ती म्हणायची, "एवढ्यानं काय होणार?" आंघोळीचं पाणी झाडांना, भाज्या धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी पुन्हा झाडांना. आमची तुळस त्या वर्षी जगली ती निव्वळ फरशी पुसल्यामुळं. इतकं सगळं असून त्या उन्हाळ्याच्या आठवणी येतात त्या हसऱ्याच येतात. मी तेवीस वर्षांची होते आणि नोकरी नवी होती, हे एक कारण असेल.

नोकरी गुलमंडीच्या मागच्या बोळात, कादरभाईंच्या डीटीपीच्या दुकानात. पुढं काउंटर, मागं दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर. कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं, तेव्हा तो नुसताच गरम वारा ढकलायचा. "बंद नक्को करो," कादरभाई म्हणायचे, "गिऱ्हाईक कू आवाज से ठंडा लगता." साठीला आलेले कादरभाई, पांढरी दाढी, बोटांच्या टोकांना कायमची मुरलेली शाई. त्यांची जवानी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली होती. मराठी मजकूर ते माझ्यापेक्षा झपाट्यानं तपासायचे, बोलायचे मात्र आपल्या दखनीत. मला एरवी 'बेटी' म्हणायचे आणि चूक झाली की 'मॅडम'.

दुष्काळात लग्नं थांबतील असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. जेवणावळी लहान झाल्या, बँडऐवजी नुसताच ताशा आला, पंगतीत पाण्याचे ग्लास अर्धेच भरायला लागले. पत्रिका मात्र तसूभरही लहान झाली नाही. आमच्याकडची पत्रिका म्हणजे भावकीची जनगणनाच असते. आशीर्वाद, निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र, आणि तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली. ज्या चुलत्याशी बोलचाल बंद आहे त्याचंही नाव हवं आणि त्याच्या दारात पत्रिकाही पडायला हवी. माणूस रुसलेला चालतो, त्याचं नाव गळलेलं चालत नाही.

याच दिवसांत मला ते सापडलं. पानं लावायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दुकानात आली होती, आणि एका रिकाम्या दुपारी मेनू उचकताना मला 'फेदर' असा शब्द दिसला. पिसाचा इथं काय संबंध, म्हणून दाबून बघितला. फोटोच्या चौकटीची कडा बघता बघता विरली. करकरीत चौकोनात बसलेला माणूस कागदात मिसळून गेला. तो कुठं संपतो आणि कागद कुठं सुरू होतो, सांगता येईना. बाजूला एक छोटा रकाना होता, त्यात मिलिमीटरचा आकडा वाढवला की कडा आणखी मऊ. मी तीन घातले, पाच घातले, नऊ घातले. मग पुढचे काही दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दिसेल त्याला मी फेदर मारत सुटले. गणपती, कलश, नवरदेव, शिकवणीच्या जाहिरातीतले सर. एका मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत तर मी गाड्या लावायच्या जागेलाही सोडलं नाही. दात येणारं पोर दिसेल ते चावतं, तशी माझी गत झाली होती.

कादरभाईंनी दोन दिवस नुसतं बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांच्या काळात ही मऊ कडा हातानं करावी लागे. ब्लॉक करणारा कारागीर फोटोच्या कडेचे ठिपके एकेक करून खरवडायचा, त्यात अर्धा दिवस जायचा. म्हणून ती ठरावीक कामालाच वापरली जायची.

"देखो बेटी," ते म्हणाले, "कलश कू कर, फूलां कू कर. आदमी आया तो पहले पूछने का, है या गया. गया तो किनारा नरम. है तो किनारा पक्का, उपर से बारीक लाइन. गाँव के लोगां अक्षर बाद में देखते, किनारा पहले."

हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण आसपासच्या गावांत तो सगळ्यांना ठाऊक होता. अक्षरओळख बेताची असलेली म्हातारी माणसं पत्रिका हातात घेऊन कडांवरूनच ओळखायची: चौकटीतला आहे, धुक्यातला गेला. मी मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि ध्यानात ठेवणं वेगळं.

शहर तेव्हा चारी अंगांनी बाहेर सरकत होतं, फुलंब्रीच्या रस्त्यानं, दौलताबादच्या रस्त्यानं. घरात प्यायला पाणी नव्हतं आणि प्लॉटिंगवाल्यांच्या माहितीपत्रकात कारंजी उडत होती. ती कारंजी मीच उडवायचे. खाली मुरमाड माळाचा खरा फोटो, वर कुठलीशी हिरवळ, आणि मधली कडा वीस मिलिमीटर मऊ. माळ संपून बाग कुठं सुरू झाली ते देवालाही कळू नये, असं माझं काम. त्या वेळी त्याचं मला काही वाटलं नाही, उलट अभिमानच वाटायचा.

असंच एक माहितीपत्रक स्क्रीनवर असताना सांडूआबा दुकानात आले. फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातले शेतकरी, सत्तरीचे, धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. बरोबर मुलगा भाऊसाहेब. भाऊसाहेबांच्या मुलीचं, म्हणजे आबांच्या नातीचं लग्न निघालं होतं. भाऊसाहेब कादरभाईंशी कागद ठरवत होते आणि आबा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत उभे राहिले.

"ताई, ह्या रानाला बांध काऊन नाय?"

"मऊ कडा आहे, आबा. छान दिसतं."

"दिसंल की. पर बांध नसला तर भांडनं व्हत्यात." मग थोडं थांबून स्वतःशीच म्हणाले, "आन् असला तरी व्हत्यात."

भाऊसाहेबांनी पिशवीतून फोटो काढला. खुलताबादच्या उरुसातल्या तंबूतल्या स्टुडिओत काढलेला, मागं पडद्यावर रंगवलेला तलाव, तलावात हंस. तलावापुढं दोन तरणेबांड पुरुष. एक आबा, त्यांचा डावा हात शेजारच्याच्या खांद्यावर घट्ट ठेवलेला.

"हे बाजूचे काढून टाका," भाऊसाहेब म्हणाले. "आबांचा एवढाच फोटो बरा हाय. मतदानाच्या कार्डावरचा पाह्यला तर व्याही सोयरीक मोडतील."

"बाजूचे कोण?"

"हायेत एक," भाऊसाहेब म्हणाले. आबांनी खाली बघत सांगितलं, "धाकला भाऊ. कडुबा."

मग हळूहळू सगळं निघालं. दोन भावांच्या रानांमधला बांध कोणी कोरला, यावरून अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एक म्हणे तू नांगर आत घातला, दुसरा म्हणे तू. बांध तो केवढा, आडवा झोपला तर माणसाचे पाय बाहेर येतील. पण धाकटा रागारागानं सिल्लोडजवळ सासुरवाडीच्या गावी राहायला गेला तो गेलाच. मधे घरात बारशी झाली, एक म्हैस मेली, दुष्काळ पडला, कोणी कोणाला विचारलं नाही.

"काढायचं तर काढा," आबा म्हणाले, "पर मह्या हाताचं काय करता? त्यो तर त्याच्या खांद्यावर हाय."

"विरघळवून टाकते आबा. कळणारसुद्धा नाही."

त्यांनी मान हलवली. मी स्कॅन करून फोटो परत दिला तेव्हा तो पिशवीत घालण्याआधी त्यांनी अंगठ्यानं एकदा पुसला.

त्याच दिवशी कादरभाईंना ऊन लागलं आणि ते दोन दिवस घरी झोपून राहिले. पत्रिका मी एकटीनं लावली. आशीर्वादाच्या जागी आबांची आई होती, कैलासवासी, ती रीतीप्रमाणं मऊ कडेत. शेजारी आबा. कडुबाला चौकटीबाहेर सारलं तर आबांचा हात कोपरापासून तोडल्यासारखा दिसायला लागला. मग काय, नऊ मिलिमीटर. हात धुक्यात गेला, त्यामागोमाग खांदा, टोपीचं टोक. मायलेक इतके जुळून दिसले की मी स्वतःवरच खूश झाले. आमच्या जुन्या प्रिंटरवर नमुना काढला; त्यात सगळंच धुरकट यायचं, त्यामुळे भाऊसाहेबांना काही खटकलं नाही. त्यांनी बोट ठेवून एकेक नाव तपासलं आणि सही केली. आबांच्या नावाआधी 'श्री.' होतं बरं का, ठळक अक्षरात.

पत्रिका गावोगाव गेल्या. एक दूधगाडीवाल्याच्या हाती कडुबालाही गेली, कारण भावकीचं आमंत्रण.

चार-पाच दिवसांनी भरदुपारी फोन वाजला. कादरभाईंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी मला मागं ऐकू आलं. "आमचा बाप मारला तुम्ही!" भाऊसाहेबांच्या दारात सकाळपासून माणसं येत होती. टोप्या काढून ओसरीवर बसत होती. एक पाव्हणा तर सुतकाच्या घरी नेतात तसा घरच्यांना कडू घास म्हणून पिठलं-भाकरी बांधून घेऊन आला होता. वराकडच्यांनी निरोप धाडला होता की हा अपशकुन आहे, लग्न पुढं ढकलायचं का ते कळवा. कादरभाईंनी फोन ठेवला, पत्रिका उचलली, आबांची कडा बघितली आणि फक्त म्हणाले, "मॅडम."

त्यांनी ओरडायला हवं होतं, बरं वाटलं असतं. नोकरी जाणार हे मी धरूनच चालले होते, पण त्याचं तेवढं नव्हतं. ज्या पोरीला मी पाहिलंही नव्हतं तिचं लग्न माझ्या नऊ मिलिमीटरपायी मोडणार होतं. मी कूलरच्या मागं जाऊन रडले. कूलरचा आवाज मोठा होता हे त्या दिवशी कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर जीप थांबली. आधी सांडूआबा उतरले, आणि त्यांच्या मागोमाग दुसरा म्हातारा, तसंच नाक, तशीच टोपी. मी ओळखलं, त्याचा खांदा मी दोन दिवस स्क्रीनवर बघितला होता. मी उभी राहिले, "आबा, माझी चूक झाली," एवढं कसंबसं म्हणाले.

"व्हय, झालीच ना," आबा म्हणाले आणि ऐसपैस बसले. "आरं, काय सांगू ताई. काल म्या टँकरच्या लायनीत हुभा. हातात हंडा. आन् ह्यो येष्टीतून उतरला, टोपी काखेत, 'दादा रे, मला न सांगता गेला रे' करीत घराकडं निघाला. मह्या अंगावरून गेला की!"

"डोळ्यात पानी असल्यावर दिसतंय व्हय," कडुबातात्या म्हणाले. "पत्रिकेत पाह्यलं तर दादा मायजवळ, तिच्यासारखाच धुरात. मला लई राग आला. म्हनलं, भावकीनं लग्नाचं कळवलं, आन् दादा गेल्याचं नाय कळवलं. आन् मागून आवाज आला, कडुबा. वळून पाह्यलं तर मेलेला मानूस हंडा घेऊन हुभा."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय," आबा म्हणाले. "ह्यो तिथंच रडू राह्यला. म्हनलं, रडू नको, आधी हंडा धर. टँकर जाऊ राह्यला."

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. कडुबातात्यांनी हंडा धरला होता, तो घरी नेऊन ठेवला होता, आणि रात्रीचं जेवूनच झोपले होते. कडू घासाची ती पिठलं-भाकरीही वाया गेली नाही, दोघांनी मिळून संपवली. व्याह्यांकडं आबा स्वतः जाऊन बसले. मेलेला माणूस दारात चालत आल्यावर अपशकुनाचं कोण बोलणार?

"आता दुसरं छापा," आबांनी हुकूम सोडला, "आन् ह्याला काढू नका."

मी फाईल उघडली. या सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला त्या दिवशी फार आवडली: चौकट लहान केली म्हणून फोटोतलं काही पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. मी चौकटीची कड धरून उजवीकडं ओढायला लागले. आधी आबांचं कोपर आलं, मग मनगट, मग बोटं, मग बोटांखालचा खांदा आणि शेवटी कडुबातात्यांचा हसरा तरणा चेहरा. मागं हंसांसकट तलाव. दोघं म्हातारे स्क्रीनजवळ वाकले होते. "हितंच व्हता की ह्यो," आबा म्हणाले. मी फेदरच्या रकान्यात शून्य घातलं आणि चौकटीला बारीक काळी रेघ मारली.

सगळी पत्रिका पुन्हा छापणं शक्य नव्हतं. कादरभाईंनी नुसत्या फोटोच्या पट्ट्या छापून आणल्या आणि उरलेल्या पत्रिकांवर आम्ही त्या चिकटवत बसलो. खळ मोजून कालवली होती, पाणी कमी म्हणून घट्ट. दोघे भाऊ सतरंजीवर मांडी घालून पट्ट्या दाबत होते आणि मधूनच एक म्हणायचा, "बांध तूच कोरला व्हता," दुसरा म्हणायचा, "कोरला आसंल, पट्टी सरळ लाव." त्यातच तो दोन कप चहा झाला. संध्याकाळी दुकान बंद करताना कादरभाई मला म्हणाले, "अगली बार पूछने का, बेटी." बेटी म्हणाले, म्हणजे नोकरी राहिली होती.

लग्नाला मी गेले होते. मांडवात एकाच बाजेवर दोघं बसले होते आणि अर्ध्या ग्लासातलं पाणी पिताना एकमेकांना ग्लास पुढं करत होते.

आता सिडकोत माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. शहर फुलंब्रीच्या अंगानं इतकं सरकलंय की आबांचं खेडं कुठं सुरू होतं ते पाटी बघितल्याशिवाय कळत नाही. दोन्ही भावांची रानं प्लॉटिंगमध्ये गेली. तो अकरा वर्षांचा बांध होता तिथून आता कॉलनीचा रस्ता जातो, आणि त्याच्या दोन्ही कडांना लोक आपल्या गाड्या लावून भांडतात. मला तिथून जाताना हसू येतं, आणि माझी ती कारंजी आठवून जरा शरमही वाटते.

यंदा होळीनंतर पहिली पत्रिका दारात यायच्या आधी कडुबातात्याच दुकानात आले. कादरभाई आता डोळ्यांमुळे घरीच असतात, त्यांनी पत्ता दिला होता. भाऊसाहेबांच्या मुलाचं लग्न. निमंत्रकांत पहिलं नाव आता कडुबातात्यांचं, कारण सांडूआबा मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच, ऐंशी ओलांडून, कोणाला त्रास न देता. तात्यांनी पिशवीतून तोच फोटो काढला. कोपरे आता गोल झिजले होते.

"आशीर्वादात दोघं पायजेत," तात्या म्हणाले. "एकाच चौकटीत."

"नियमानं आबांची कडा मऊ करावी लागेल, तात्या. तुमची पक्की."

"करा. नियम हाय तर करा."

आताच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच बाजूची कडा विरवता येते. मी आबांच्या बाजूनं सुरुवात केली. तलावातला पहिला हंस गेला, मग आबांचा उजवा खांदा सैल झाला, टोपी कागदात मिसळली. हे एकदा मी चुकून केलं होतं आणि आता खरं म्हणून करत होते. प्रश्न हाताचा होता. माणूस आबा, तेव्हा हातही आबांचाच. मी मऊपणा पुढं नेला. मनगट गेलं. तात्यांच्या खांद्यावरची बोटं पुसट व्हायला लागली.

"थांबा, थांबा." तात्यांनी टेबलाची कड धरली. "त्यो हात नका घेऊ."

"तात्या, तो हात आबांचा आहे."

"मला ठाव नाय व्हय, कोनाचा हाय त्यो?" ते म्हणाले. त्यांनी आपल्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला, शर्टाच्या शिवणीवर, बरोबर तिथं. "त्यो हाय अजून हितं."

पहले पूछने का, है या गया. मी विचारायच्या आधीच उत्तर मिळालं होतं. मी फोटो मोठा केला आणि आबांच्या पाचही बोटांच्या कडेनं सावकाश पक्की रेघ फिरवत गेले.